धुरपदाअक्कांचा मोटेचा नाडा

बिबड्यांचा घाटा चुलीवर असताना चाटू थांबवायचा नसतो. दारात फौजदार आला तरी त्याला म्हणायचं, बसा, घाटा उतरू द्या. सत्तर सालच्या त्या सकाळी मी पाचलाच चूल पेटवली होती. चैत्र सरत आला होता. आठ वाजले की जळगावचं ऊन गच्चीवर पाय ठेवू देत नाही, म्हणून ज्वारीचा घाटा सातच्या आत शिजवायचा आणि ओल्या धोतरावर बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, थापून मोकळं व्हायचं, असा बेत होता. हे आरशासमोर अर्धी दाढी करून ब्लेडला नावं ठेवत होते. धाकटीची एक वेणी झाली होती, दुसरीसाठी ती माझ्या पाठीशी उभी राहून भुणभुण करत होती.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. वाजली म्हणजे कोणीतरी ती धरून फळीवर आपटली.

"कोण आहे?"

"मी. दार उघड."

धुरपदाअक्का होत्या. आमच्या घराच्या मागची भिंत ती पानबाई बागेची भिंत, आणि त्या बागेत झाडांना पाणी घालणाऱ्या त्या धुरपदाबाई. उंच, हाडापेराच्या, पन्नाशीच्या आसपासच्या. हातांवर गुलाबाच्या काट्यांचे ओरखडे, लुगड्याचा ओचा कायम भिजलेला. एरवी आमच्याकडे येताना त्यांच्या ओटीत काहीतरी असायचंच, कढीपत्त्याचा डहाळा, नाहीतर मोगऱ्याच्या चार कळ्या. त्या दिवशी हात रिकामे होते.

आत आल्या, माझ्या हातातला चाटू काढून घेतला आणि घाटा ढवळायला लागल्या. त्या ढवळण्यावरूनच मला कळलं की बाई संतापलेली आहे. भांडं चुलीवरून हलत होतं.

"ताई, तुले अर्ज लिखता येस ना? कालेजमा शिकेल शे तू."

"येतो की. कसला अर्ज?"

"मना नाडा लई ग्यात."

मी धुळ्याची, त्या साक्रीकडच्या खेड्यातल्या. जळगावात येऊन त्यांना तीस वर्षं झाली तरी बोली तिकडचीच राहिली, आणि माझ्याशी बोलताना तर त्या मुद्दाम तीच काढतात. मला ताई म्हणतात आणि एकेरीवर येतात. मला ते आवडतं.

नाडा म्हणजे काय ते मला सांगावं लागलं नाही, पण ज्यांनी मोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीवर बैलांकडून मोट ओढायचा जो जाडजूड दोर, तो नाडा. हा नाडा अक्कांच्या वडिलांच्या विहिरीवरचा. वडील गेल्यावर भावाने विहिरीवर इंजिन बसवलं, आणि त्या वर्षी बहीण माहेरी गेली तेव्हा तो म्हणाला, "मोट गई, इंजिन उनं. नाडा तू लई जाय." साडीचोळी नाही, भांडं नाही, नाडा. अक्का तो डोक्यावर घेऊन एसटीत बसल्या. कंडक्टर म्हणाला, बाई, याचं तिकीट काढावं लागेल. अक्का म्हणाल्या, काढ, बापाचा आहे.

त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दर आखाजीला तो नाडा बागेतल्या मोठ्या लिंबाला, म्हणजे कडुनिंबाला, चढतो.

आखाजी म्हणजे तुमची अक्षय्यतृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात आणि आमरस खातात. खानदेशात ती सासुरवाशिणींची दिवाळी असते. लेकी माहेरी येतात, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पूजा होते, आणि मग लिंबाच्या झाडाला झोके बांधून बाया दिवसभर झोके घेतात. दिवसभर. पोरंबाळं आज्यांकडे टाकून, पदर खोचून, मोठमोठ्याने गाणी म्हणत. वर्षातून तो एक दिवस. पुरुष मंडळी त्या दिवशी झाडाखाली पत्ते कुटतात आणि कोणी कोणाला बोलत नाही.

पण शहरात राहणाऱ्या, माहेर तुटलेल्या, दूर पडलेल्या बायांनी काय करायचं? त्यांच्यासाठी धुरपदाअक्कांचा नाडा होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझी आई गेली. त्या आखाजीला धुळ्याहून बोलावणं आलं नाही. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते आणि भिंतीवरून एक डोकं वर आलं. "धुळानी शे ना तू? राखुंडी ठेव ती. ये, झोका रिकामा शे." मी हात न धुताच गेले होते.

बांधण्याची त्यांची एक रीत आहे. आठ दिवस आधी नाडा बाहेर काढायचा, ऊन दाखवायचं, पेड न् पेड बोटांनी चाचपायचा. बागेची छाटणीची शिडी लावून स्वतः वर चढायचं. फांदीवर आधी गोणपाटाची चौपदरी घडी, तिच्यावरून नाडा. "लिंबले काचाले नको." मग दोन बायांच्या वजनाइतकी माती पोत्यात भरून ते पोतं झोक्यावर एक रात्र टांगून ठेवायचं. सकाळी गाठ बोटभर जरी सरकली असली तरी सगळं सोडून पुन्हा. पोत्याने झोका घेतल्याशिवाय बाईला बसू द्यायचं नाही.

आखाजी चार दिवसांवर होती, आणि कडी वाजली त्याच्या आदल्या संध्याकाळी ते पोतंच टांगलेलं होतं. तेवढ्यात बागेच्या समितीचे सेक्रेटरी शालिग्रामभाऊ दोन पाहुण्यांना घेऊन आले. त्यांनी पोतं उतरवायला लावलं, नाडा सोडायला लावला, कोठीत टाकून कुलूप घातलं.

"आन् काय बोलना माहीत शे?" अक्का चाटू भांड्याच्या कडेवर आपटत म्हणाल्या. "धुरपदाबाई, ही बाग आहे, खेडं नाही." सेक्रेटरींचं वाक्य त्यांनी त्यांच्याच शुद्ध मराठीत, त्यांच्याच सुरात म्हटलं. "मी सांगं, भाऊसाहेब, बाग शे म्हनीसन त लिंब शे."

"मग?"

"मंग काय. कुलूप."

त्या थांबल्या. घाट्याचे बुडबुडे फुटत होते. मग जरा हळू म्हणाल्या, "मनी सुंदर येई ऱ्हायनी, ताई."

ते मला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात सुंदरबाईचं कार्ड मीच वाचून दाखवलं होतं. ही अक्कांची एकुलती लेक, पाचोऱ्याकडे दिलेली. चार वर्षं सासरच्यांनी आखाजीला धाडली नव्हती. पहिल्या वर्षी बाळंतपण, दुसऱ्या वर्षी सासू आजारी, पुढे तर कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. कार्डावर कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या चार ओळी होत्या. यंदा पाठवत आहेत. आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येते. आणि शेवटी, झोका बांधशील ना.

बागेत माळी असलेला नवरा गेल्यावर अक्कांना बागेच्या मागे पत्र्याची एक खोली मिळाली, ती दहा बाय आठची. तिथे लेकीचं कौतुक काय करणार? सुंदरचं माहेर म्हणजे ती खोली नव्हेच. तो लिंब आणि त्यावरचा आजोबांचा नाडा, एवढंच तिचं माहेर.

मी घाटा उतरवला, वर झाकण ठेवलं, धाकटीची दुसरी वेणी तशीच सोडून दिली आणि म्हटलं, "चला. आधी बोलून पाहू."

हे साबणाच्या फेसातून म्हणाले, "चहा?"

"पातेल्यात आहे," मी म्हटलं. त्या सकाळी मी इतकी तुटक बोलले की यांनी पुढे विचारलं नाही.

पानबाई बाग ही सात एकरांची आहे. शांतीलाल शेठांनी आईच्या नावाने बांधली, आधी तो त्यांचा मळा होता. रविवारी भुसावळहून, पाचोऱ्याहून माणसं गाडीने ही बाग बघायला येतात. फाटकाशी भली मोठी निळी पाटी आहे. तिच्या डाव्या बाजूला लिहिलंय, उद्यानात पाहण्यासारखे: कारंजे, हरणांचे कुंपण, मोरांचा पिंजरा, गुलाबवाटिका. उजव्या बाजूला लिहिलंय, करू नये. ती बाजू लांब आहे. गवतावर बसू नये, फुले तोडू नयेत, पत्ते खेळू नयेत, आणि अगदी नव्या रंगात, ओल्या वासासकट: बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोपाळ्यावर बसू नये.

अकरा वर्षं मी त्या पाटीखालून जात-येत होते. त्या दिवशी पहिल्यांदा थांबून वाचली, आणि वाचता वाचता डोकं तापत गेलं.

कारण आतमध्ये सगळं चाललं होतं. खांबावरच्या कर्ण्यातून रेडिओ बातम्या सांगत होता आणि त्याखाली पेन्शनर मंडळी वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन बसली होती. तालमीच्या हौदात दोघं एकमेकांना माती लावत होते. गवतावर एक जण उताणा झोपला होता, धोतर वाऱ्यावर. मोठ्या लिंबाखाली चौघांनी पंचा अंथरून पत्ते मांडले होते, आखाजीची तयारी म्हणे. त्यातला एक तर समितीचा सभासद. पोरांना घसरगुंडी आहे, गोल फिरणारं चाक आहे. आणि बायका? बायका संध्याकाळी येतात, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसतात आणि पोरं घसरताना बघतात. मीही तेच करत आले. कारंजं बघितलं, हरणं बघितली, मोर बघितला. एवढ्या मोठ्या बागेत आमचे हातपाय काय कामाचे, असा प्रश्न मला कधी पडला नाही, याचा राग मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त आला.

शालिग्रामभाऊ ऑफिसच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. शाळा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, स्वच्छ टोपी, खिशाला दोन पेनं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडणं सोपं गेलं असतं.

"या वहिनी. आज सकाळीच?"

"अक्कांचा नाडा कोठीत आहे म्हणे."

"दोर," ते म्हणाले. "तशी नोंद केलीय." आणि त्यांनी खरोखर वही उघडून दाखवली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: झाडास इजा पोचविणारा दोर, नग एक.

अक्कांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. 'इजा' शब्दाला त्यांचा चेहरा ताठ झाला.

"बावीस वरीस व्हयनात. फांदीनं सालटं निंघेल नही. तठे शिडी शे, चढीसन पाही ल्या."

भाऊंनी शिडीकडे पाहिलं. चढले नाहीत. "प्रश्न एका फांदीचा नाही, धुरपदाबाई. नियमाचा आहे. आता लोखंडी झोपाळे आणलेत आपण. मुलांना बसू दे की त्यावर."

"आणि मुलांच्या आयांनी?" मी विचारलं.

"आयांना पाहण्यासारखं काय कमी आहे, वहिनी?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "कारंजं आहे. हरणं आहेत. गुलाब तर यंदा असा फुललाय. आणि आता फुलांचं घड्याळ होतंय. काटे लोखंडी, आकडे फुलांचे. काल आले होते ते पाहुणे त्याचेच. आपल्या बाजूला कोणी पाहिलं नसेल असं."

"पाहण्यासारखं पुष्कळ आहे, भाऊ. करण्यासारखं काय आहे?"

ते गोंधळले. खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "बाकं आहेत की."

पत्त्यांच्या पंचावरून कोणीतरी हसलं. सभासद महाशयच ते. "अक्का, झोका राहू द्या, या, एक डाव टाका आमच्यात."

अक्का मागे वळल्यासुद्धा नाहीत. "टाकसू की. पन हारशात त घर काय सांगशात?"

बाकीचे तिघं त्यांना हसले. मला हसू आलं नाही, कारण तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं होतं. लिंबाच्या त्या आडव्या फांदीवर अक्कांचं गोणपाट तसंच घडी घातलेलं होतं. आणि गोणपाटाच्या अलीकडे, खोडाजवळ, चुन्याचा पांढरा पट्टा मारलेला होता.

"भाऊ, तो चुना कसला?"

"तो होय." त्यांना जराही संकोच वाटला नाही, हे मला आजही आठवतं. "घड्याळाला ऊन लागतं. सावलीत फुलं धरत नाहीत. आखाजीची गर्दी सरली की ती फांदी उतरवायची आहे."

मला क्षणभर वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"म्हणजे दोराने झाडाला होते ती इजा. आणि कुऱ्हाडीने होतं ते काय?"

"ते काम ठरावाने होतंय, वहिनी," भाऊ शांतपणे म्हणाले.

अक्का फांदीकडे बघत होत्या. ते झाड त्यांच्या नवऱ्याच्या हातचं नव्हतं, फार जुनं होतं. पण चुलीच्या धगीसारखं ऊन पडतं तेव्हा मेमध्ये त्याच्या बुंध्याला घागरीने पाणी घालणाऱ्या याच होत्या. त्यांचा जबडा हलत होता, जणू काहीतरी चावून बारीक करत होत्या.

मी विचारलं, नाडा मिळायचा कसा. भाऊंनी नियम सांगितला. लेखी अर्ज पाहिजे. समितीची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी.

"तोवर आखाजी होऊन जाईल."

"मग अध्यक्ष. शेठजींची सही असली तर मी आत्ता कुलूप काढतो, माझं काही वैर नाही. पण ते आजच दुपारच्या गाडीने मुंबईला निघतात, आठ-दहा दिवस नाहीत. बाराच्या आत अर्ज त्यांच्या हातात पडला पाहिजे." आणि उठता उठता, समजुतीच्या सुरात, "खरं सांगू वहिनी? मोठमोठ्या बायका, पदराचं भान नाही, उघड्यावर झोके घेतात, ते शोभत नाही हो. पाहुणे काय म्हणतील."

गवतावरचा उताणा गृहस्थ तेवढ्यात कुशीवर वळला. मी त्याच्याकडे बोट दाखवणार होते. अक्कांनी माझा हात धरला आणि मला बाहेर ओढलं.

घरी आले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. घाट्यावर साय धरली होती. अक्का म्हणाल्या, "तू लिख. मी थापस." आणि भांडं उचलून त्या तापल्या उन्हात गच्चीवर गेल्या.

मी लिहायला बसले. तसं कॉलेज सोडल्यावर मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. पण त्या दिवशी लेखणी सुटली ती सुटलीच. स्त्रियांना सार्वजनिक जागी असलेल्या समान हक्कापासून सुरुवात केली. पाटीवरची डावी बाजू आणि उजवी बाजू यांचा समाचार घेतला. पत्ते, तालीम, रेडिओ, उताणे गृहस्थ, एकेकाला धरून आणला. "इजा" आणि "ठराव" या दोन शब्दांवर तर अख्खं पान खर्ची घातलं. फुलांच्या घड्याळाचे काटे कोणाची वेळ दाखवणार आहेत, असंही एक वाक्य टाकलं आणि ते मला फार आवडलं. यांनी बँकेत जाताना डोकावून पाहिलं, चार पानं भरलेली दिसली, आणि डबा स्वतःच उचलून घेऊन गेले.

दहा वाजता अक्का खाली आल्या. हात कोपरापर्यंत घाट्याने माखलेले, कपाळावर घाम. गच्चीवर माझ्या सासूलाही जमले नसते असे पातळ, सारखे बिबडे पडले होते, हे मी नंतर पाहिलं.

"वाची दाखाड."

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज चढवून. अक्का उंबऱ्यात उकिडव्या बसून ऐकत होत्या. उताण्या गृहस्थापाशी एकदा हसल्या.

"काय, बरोबर आहे ना?"

"हाई बठ्ठं खरं शे," त्या म्हणाल्या. "यामा मना नाडा कोठे शे?"

मी पानं उलटली. नाडा तिसऱ्या पानावर होता. एकदा. तोही कंसात.

"हाई वाचता वाचता शेठनी गाडी निंघी जाई, ताई."

माझी कानशिलं तापली. राग त्यांचा होता, नाडा त्यांचा होता, लेक त्यांची येत होती, आणि मी चार पानं माझ्यासाठी लिहिली होती. तरी लगेच हार मानायची तयारी नव्हती. मी म्हटलं, "बरं, लहान करू. पण एक गोष्ट राहू दे. शेठजींच्या आईची."

कारण ती आम्हां सगळ्यांना माहीत होती. पानबाई, जिच्या नावाची ही बाग, मारवाडाकडची. त्यांच्याकडे श्रावणातल्या तिजेला झोके असतात. बाग झाल्यावरही, हातपाय चालत होते तोवर, पानबाई दर तिजेला सुनांना घेऊन यायची, आणि अक्का तिच्यासाठी याच फांदीवर हाच नाडा बांधायच्या. म्हातारी सुनांच्या आधी स्वतः बसायची. शांतीलाल शेठ पलीकडे खुर्ची टाकून आईकडे बघत बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

"ते लिहू," मी म्हटलं. "ते वाचलं की शेठ सही करतीलच. तुमच्या आईचा झोका ज्या नाड्याचा..."

"नही."

"अहो पण का?"

"त्याले याद शे," अक्का म्हणाल्या. "नसनी त मी याद करी देवानी का? माय त्यानी. याद ठेवानं त्यानं काम शे, मनं नही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सकाळी चाटू आपटताना होता त्याहून जास्त राग आता त्यात होता. "मायनं नाव लिसन मी मागसू? मनी वस्तू मी मागी ऱ्हायनू, भीक नही."



"मग फांदीचं तरी? ती तोडू नका म्हणून?"

त्यांनी पदराने कपाळ पुसलं, घाटा कपाळाला लागला. खिडकीतून लिंबाचा शेंडा दिसतो आमच्या. त्यांनी तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"फांदी त्यास्नी शे. ठराव त्यास्ना शे. तोडतीन त तोडतीन, त्यास्ले त्यास्नं पाप." मग माझ्याकडे वळून, "गावमा लिंब मस शेतस, ताई. नाडा एकच शे."

"आणि बांधणार कुठे?"

"ते मी पाही लिसू. शिडी नही दिन्ही त झाडवर चढता येस माले."

मी चारही पानं उचलून चुलीत घातली. विझत आलेल्या निखाऱ्यावर ती आधी नुसती तपकिरी झाली, मग पेटली. फुलांच्या घड्याळाचं वाक्य जळताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग नवा कागद घेतला. अक्का सांगत गेल्या, मी लिहीत गेले. त्यांचं बोलणं शहरी मराठीत आणण्यापुरताच माझा हात लागला. एका ठिकाणी मी "कृपा करून" असं लिहिलं, त्यांनी विचारलं, काय लिखं, मी सांगितलं, त्या म्हणाल्या, ते काढ. मी काढलं.

सही म्हणून अंगठा द्यायचा होता. हात धुवायला मोरीत गेल्या, कोपरापर्यंत घासून आल्या, लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. शाईच्या गादीवर अंगठा दाबताना इतका जोर लावला की कागदाला मागून उंचवटा आला.

अकरा वाजत आले होते. मी चप्पल घातली, त्या अनवाणीच निघाल्या. शेठजींच्या पेढीवर तो कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यावर एवढंच होतं:

अध्यक्षसाहेब, पानबाई बाग. बागेच्या कोठीत माझ्या बापाच्या मोटेचा नाडा कुलपात आहे. तो माझा आहे. माझी लेक सुंदर आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येते आहे. ती गाडी यायच्या आत माझा नाडा मला परत द्यावा. बाकी काही मागणे नाही. धुरपदाबाई, पाणी घालणारी.